हातोडीच्या आधी, तिसऱ्या घंटेनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीचे कंदील उतरले, की आपल्याकडे एक हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरात मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' हा कलामेळा भरतो. २०२३ साली तो पहिल्यांदा भरला. त्याच सुमाराला जुहूच्या पृथ्वी थिएटरचा नाट्यमहोत्सव असतो आणि राज्य हौशी नाट्यस्पर्धेची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत गजबजायला लागतात. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कलामहोत्सव, थंडी संपता संपता मुंबईत काळा घोडा कलामहोत्सव आणि दिल्लीत इंडिया आर्ट फेअर हा कलामेळा. या सगळ्याच्या मधेमधे चित्रांचे लिलाव चालूच असतात.

मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते. पगार झाला की आधी नाटकाची तिकिटं काढायची आणि मग किराणा भरायचा, ही माझी तरुणपणापासूनची सवय. या हंगामाबद्दल मी कुणाला सांगायला गेले की ठरलेलं उत्तर येतं. "लिलाव? ते कोट्यधीशांचं काम. प्रायोगिक नाटक? ते आपल्याला कळत नाही हो." दोन्ही दारं माणसं बाहेरूनच बंद करून घेतात. आज मला तुम्हाला सांगायचंय की ती दारं उघडी असतात. एक तर चक्क फुकट उघडं असतं.

आधी लिलावाचं सांगते. लिलावाची बातमी आपल्यापर्यंत आकडा होऊन येते. २०१३च्या डिसेंबरात मुंबईत ताजमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा भारतातला पहिला लिलाव झाला. त्यात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. सप्टेंबर २०२५मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांचंच १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना गेलं. आपण आकडा वाचतो, भुवया उंचावतो आणि पान उलटतो.

पण त्या आकड्याच्या आधी काय घडतं, ते बातमीत येत नाही. कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं टांगलेलं चित्र विकायला निघतं. लिलाव करणारी संस्था ते तपासते, त्याचा इतिहास जुळवते, कॅटलॉग छापते, अंदाजित किंमत जाहीर करते. ज्याच्या खाली विकायचं नाही ती राखीव किंमत मात्र गुप्त ठेवतात. आणि लिलावाच्या आधी काही दिवस सगळी चित्रं मांडून ठेवतात. त्याला प्रिव्ह्यू म्हणतात. मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, प्रभादेवी या भागांत अशी प्रदर्शनं लागतात. तिथे जायला सहसा तिकीट लागत नाही. खरेदी करणार का, असं दारात कुणी विचारत नाही. तुम्ही आत जायचं आणि बघायचं.

मग लिलावाचा दिवस येतो. खोलीत पॅडल, म्हणजे बोली लावायच्या नंबरपाट्या, वर होतात, फोनवर बोली लागते, संगणकावरून लागते. हातोडी पडते, सौदा पक्का होतो. हातोडीच्या किमतीवर खरेदीदाराला लिलावसंस्थेचं अधिमूल्य, म्हणजे वरचं शुल्क, द्यावं लागतं, ते वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. वर्तमानपत्रातला आकडा बहुधा ते धरून असतो. चित्र लाकडी पेटीत जातं आणि पेटी एखाद्या बंगल्यात किंवा तापमान राखलेल्या गोदामात. ते पुन्हा कधी दिसेल? वीस वर्षांनी, पन्नास वर्षांनी, किंवा कधीच नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचं, जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र नॉर्वेत ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे कित्येक दशकं होतं. २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला, एक कोटी सदतीस लाख डॉलरच्या वर किंमत आली, तेव्हा इथल्या लोकांना कळलं की असं एक चित्र आहे.

म्हणून मला प्रिव्ह्यूचे ते चार-पाच दिवस फार मोलाचे वाटतात. कुणाच्या तरी दोन भिंतींच्या मधे, थोडा वेळ, ते चित्र आपलं सगळ्यांचं असतं.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या अकरा मुलांना घेऊन अशाच एका प्रिव्ह्यूला गेले होते. लोकलने चर्चगेट, तिथून चालत. मुलं गणवेशात. दारातून आत जाताना माझीच छाती धडधडत होती, मुलांची मुळीच नाही. आत गायतोंड्यांचा एक कॅनव्हास होता. पिवळा. म्हणजे हळदीचा पिवळा म्हणावा तर मध्येच जुन्या पितळेसारखा, आणि कडेला शेवाळ्याकडे झुकलेला. मुलं आधी चुळबुळली. त्यात काही 'काढलेलं' नव्हतं ना! झाड नाही, माणूस नाही. मी काहीच समजावलं नाही, नुसतं म्हटलं, खाली बसा. सगळी जमिनीवर मांडी घालून बसली. तिथल्या एका ताईंनी खुर्च्या आणू का विचारलं, मुलांनी माना हलवल्या.

पाचेक मिनिटं गेली असतील. कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, हा पिवळा वरून दिलाय की खालून वर आलाय?"

श्रोतेहो, गायतोंड्यांच्या चित्रावर यापेक्षा नेमका प्रश्न मी कुठल्या लेखात वाचलेला नाही. कारण त्यांचं कामच तसं होतं. ते रंगाचा थर देत, रोलर फिरवत, पॅलेट नाइफने खरवडून थर काढत, फाडलेल्या कागदाचे रंगवलेले तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलत. दिलेला रंग आणि काढून घेतलेला रंग, दोन्ही मिळून ते चित्र व्हायचं. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. बाकीचा वेळ ते नुसते बसून असत, वाट बघत. मूळ गोव्याचं घराणं, १९२४ साली नागपुरात जन्म, गिरगावात वाढले, जेजे कला महाविद्यालयात शिकले. २००१ साली गेले. त्यानंतर १३ वर्षांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन मांडलं. आपल्या गिरगावच्या माणसाचं.

एक गोष्ट मला इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ नावाचं कलम आहे. चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत मूळ कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळायला हवा, असं ते सांगतं. तो वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. इतके विक्रमी लिलाव मी बातम्यांत वाचले, पण अमुक चित्रकाराच्या घरी त्याचा वाटा पोचला, अशी ओळ माझ्या वाचनात अजून आलेली नाही. उमेदीत हजार-दोन हजारांना चित्र देऊन रंगांची उधारी फेडलेले कितीतरी जण आहेत. त्यांच्यासाठी हे कलम जागं व्हायला हवं, आणि ते मागणाऱ्यांत आपण बघणारेही असायला हवेत.

आता नाटकाकडे वळते. वाट फार लांबची नाही. मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राकाठी भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट नावाची वास्तू होती. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत गायतोंडे आणि हुसेन तिथे चित्रं काढत, रविशंकर संगीत शिकवत आणि इब्राहिम अल्काझी नाटक शिकवत. चित्रकार रंगाचे हात पुसत तालमीत डोकावायचा, नट स्टुडिओत जाऊन बसायचा. अल्काझींकडे शिकलेल्या विजया मेहतांनी पुढे १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासोबत 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली. रंगायनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१ साली 'आविष्कार' ही संस्था काढली. आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे सुरू झालं, त्याला आपण आजही 'छबिलदास चळवळ' म्हणतो.

छबिलदासचं ते सभागृह म्हणजे शाळेचं सभागृह. झुलता मखमली पडदा नाही, विंगा नाहीत, बाहेर दादर स्टेशनचा कलकलाट. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी तिथे सतरंज्यांपासून तिकिटांपर्यंत सगळं बघायची. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडत नव्हतं म्हणून ती जागा धरली, आणि त्या जागेनेच नाटक बदलून टाकलं. नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतरच उरलं नाही, तेव्हा आवाज चढवून बोलायची गरज संपली. कुजबूज ऐकू येऊ लागली.

ती जागा गेली, आविष्कार पुढे माहीमच्या पालिका शाळेत गेली. पण तशा खोल्या अजून आहेत. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आहे. मुंबईत एनसीपीएचं एक्सपेरिमेंटल थिएटर आहे, तिथे खुर्च्या हव्या तशा हलवता येतात. पृथ्वीला तर तीन बाजूंनी प्रेक्षक बसतो, पहिल्या रांगेतल्याने पाय लांब केले तर नटाला लागतील.

अशाच एका छोट्या जागी मी एक नाटक पाहिलं. एकच बाई, हातात सूप, तासभर तांदूळ निवडतेय. निवडता निवडता बोलते. नवऱ्याबद्दल, गिरणी बंद पडली त्या वर्षाबद्दल, मधेच गप्प. ती गप्प झाली की सुपातल्या तांदळाचा आवाज यायचा, बारीक, सळसळ. मी पहिल्या रांगेत होते. तिने एक खडा काढून बाजूला उडवला, तो टप्पा घेऊन माझ्या पदरात पडला. मी तो चिमटीत धरला आणि नाटक संपेपर्यंत तसाच धरून बसले. का, ते मला सांगता येणार नाही. त्या बाईच्या घरातलं काहीतरी माझ्याकडे आलं होतं आणि ते खाली टाकणं मला जमेना.

त्या नाटकाचे सहा प्रयोग झाले. सातवा झालाच नाही. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तालमीची खोली गेली, आणि संच विस्कटला. कुणाचा दोष नाही. प्रायोगिक नाटकाचं जगणं असंच असतं. दिवसभर बँकेत, कॉलेजात, कारखान्यात काम करून संध्याकाळी सात ते दहा तालीम. नेपथ्याचं सामान टेम्पोत, टेम्पोचं भाडं खिशातून. तिकिटाला दोनशे-तीनशे रुपये, प्रेक्षक साठ. गणित जुळतच नाही, तरीही पुढच्या वर्षी नवीन संहिता घेऊन हीच मंडळी पुन्हा उभी राहतात. त्यांना मला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

चित्राला निदान पेटी असते. त्या सहाव्या प्रयोगाचं काय राहिलं? साठ माणसांच्या आठवणी, आणि माझ्याकडे एक खडा.

म्हणून एक करा. येत्या महिन्यात वर्तमानपत्राची पुरवणी आली की 'आजचे कार्यक्रम' हा छोटा रकाना वाचा. मोठ्या जाहिरातीच्या नाटकांच्या खाली, बारीक टायपात, एखाद्या अनोळखी गटाचं नाव असेल. त्याला जा. तिसरी घंटा झाल्यावर पहिली दहा मिनिटं काही कळलं नाही तर घाबरू नका, मलाही कळत नाही. तुमच्या गावात राज्य नाट्यस्पर्धेचं केंद्र असेल तर तिथलं तिकीट चहा-भज्यांच्या पैशात निघतं. आणि लिलावाची बातमी लिलावानंतर वाचण्याऐवजी आधी शोधा. लिलावसंस्थांच्या संकेतस्थळांवर प्रिव्ह्यूची जागा आणि तारखा दिलेल्या असतात. पणजीला जाणार असाल तर डिसेंबर साधा. काळा घोड्याला मुलांना घेऊन जा, तिथे पैसे लागत नाहीत. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२पासून उघडी.

प्रिव्ह्यूहून आल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात काय झालं ते सांगून थांबते. तास सुरू व्हायच्या आत मुलांनी वर्तमानपत्र फाडून ठेवलं होतं. पोस्टर कलरचा पिवळा दिला, वरून कागद दाबला, उचलला, पुन्हा दिला. कागद ओला होऊन फाटला, बाक बरबटले, शिपाईकाका माझ्यावर रागावले. ती न बोलणारी मुलगी मात्र शेवटपर्यंत एकाच कोपऱ्यावर काम करत राहिली. आठवड्याने लिलाव झाला, पेपरात आकडा आला, मी तो फळ्यावर लिहिला. तिने आकड्याकडे बघितलंही नाही. तिने विचारलं, "बाई, मग आता ते चित्र कुठेय?"

तिचा तो पिवळा कागद अजून माझ्या कपाटात आहे. वर ठेवलाय, दार उघडलं की दिसतो.

नमस्कार.