शेवटची दहा पावलं

(दृश्य: लाकडी टेबलावर ओळीने उभी केलेली चार काडतुसं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो.)

डावीकडचं पहिलं काडतूस .३०-०६. हरणं, रानडुकरं, थोराड एल्कसुद्धा याने पडतात. बहुतेक शिकाऱ्यांना आयुष्यभर याहून मोठं काही लागत नाही. पुढची तीन मात्र वेगळ्याच कामाची. .३७५, .४१६ आणि .४७०. सहा-सातशे किलोचा आफ्रिकी रानरेडा किंवा पाच टनांचा हत्ती समोर असेल, तेव्हाची.

या तिघांचे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात. .३७५ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, .४१६ म्हणजे साडेदहाला किंचित वर, .४७० म्हणजे साधारण बारा. सगळा फरक अडीच मिलिमीटरचा. त्यावर माणसं शेकोटीभोवती रात्रभर भांडू शकतात, आणि भांडतातही.

(दृश्य: .३७५चं काडतूस हातात, जवळून.)

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली हे बाजारात आणलं. साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास वेग. त्याचा आकार बघा. पितळी कवच वर निमुळतं होत गेलंय. त्यामागे कारण आहे. तेव्हाची कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढायचा, पितळ फुगायचं आणि रिकामं काडतूस नळीत अडकून बसायचं. रेडा अंगावर येत असताना बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, मागे न सरकणं म्हणजे काय, ते सांगायला नको. निमुळतं कवच आत सहज जातं आणि बाहेरही सहज येतं. शंभरहून अधिक वर्षं झाली, अजून हे काडतूस कोणी अडगळीत टाकलेलं नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी कायद्याने घातलेली किमान मर्यादा याच्याच आसपास आहे.

(दृश्य: नेमबाजीचं मैदान. रायफल खांद्याला लावलेला माणूस. बार. संथ गतीत खांदा मागे जातो.)

आता धक्का. सारख्याच वजनाच्या रायफली घेतल्या, तर .३०-०६च्या जवळपास दुप्पट धक्का .३७५चा, आणि .४१६चा तिपटीच्या घरात. खांदा दुखतो, पण दुखण्याचं काही नाही. खरी अडचण पुढच्या बाराला येते. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, बोट हिसका देतं आणि नळी खाली जाते. जाड गोळी पोटात लागली, तर ती जाड आहे म्हणून जनावर पडत नाही. जखमी होऊन झाडीत शिरतं आणि वाट बघत उभं राहतं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ‘करामोजो’ बेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्कॉटिश हस्तिदंत-शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बहुतेक सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने. हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो, ते त्याने पाहून ठेवलं होतं. त्या संहाराचं कौतुक आज कोणी करू नये. आणि त्याची नक्कलही करू नये, कारण त्याचा हात आणि त्याचं थंड डोकं बाजारात मिळत नाही.

(दृश्य: .४१६ आणि .४७० शेजारी शेजारी.)

.४१६ रिग्बी १९११चं. कवच मुद्दाम ऐसपैस, म्हणजे उन्हातही दाब आटोक्यात. गोळी साधारण सव्वीस ग्रॅमची. .३७५पेक्षा खोल आणि सरळ जाते. पण काडतूस एवढं लांब-रुंद, की त्याला रायफलही तशीच दणकट लागते.

.४७०ची जन्मकथा मात्र वेगळी. तिचा संबंध शिकारीपेक्षा पोलिसी धास्तीशी जास्त आहे. भारत आणि सुदानमध्ये इंग्रजांनी १९०७ साली .४५० बोरच्या रायफलींवर बंदी घातली. इंग्रजी फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका याच मापाच्या, आणि त्या बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या. साहेबांची काडतुसं त्यांच्या कामी येऊ नयेत, एवढाच हेतू. मग बंदूकवाल्यांनी बंदीला वळसा घातला. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी रांगच लागली. त्यातली .४७० दुनळी रायफलीत सर्वांत जास्त रुजली. जंगलाने निवडली असं वाटतं, ती खरं तर सरकारी हुकमाची देणगी.

दुनळी हाताने घडवायची, म्हणून महाग. साध्या बोल्ट रायफलीतून तसाच मार मिळावा म्हणून अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९५६ साली .४५८ आणलं. कवच आखूड होतं, दारू दाबून भरावी लागे. दिवस गेले की तिची ढेप व्हायची आणि बार कमजोर निघायचा. मोझांबिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केलेल्या जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याने पुढे तेच कवच साडेसात मिलिमीटर लांब केलं. तेच .४५८ लॉट.

गोळी कशी बनवली आहे, हाही प्रश्न तितकाच मोठा. रेड्याच्या बरगडीपाशी फुलून थांबणारी गोळी, मग ती .३७५ असो वा .४७०, कुचकामी. हत्तीच्या कवटीसाठी न फुलणारी, सबंध कठीण गोळीच हवी.

(दृश्य: उंच गवत. पुढे वाट काढणारा, मागे पाहुणा शिकारी, त्याच्या शेजारी वाटाड्या शिकारी.)

तर निवड कशी करायची? आधी काम बघायचं. पाहुणा शिकारी साठ-सत्तर मीटरवरून, उभ्या असलेल्या जनावरावर, नीट टेकून नेम धरतो. तिथे .३७५ पुरते, आणि जो माणूस तिने नेम चुकवला नसता, तोच .४५८ने चुकवतो. वाटाड्याचं काम वेगळं. त्याला धावून येणारा रेडा शेवटच्या दहा पावलांत थांबवायचाय. नेम धरायला वेळच नाही. तिथे जड गोळी आणि पहिल्यामागोमाग लगेच उडणारा दुसरा बार हवा. म्हणून एकाच्या हातात .३७५ आणि दुसऱ्याच्या हातात .४७० दिसते. दोघेही आपल्या जागी बरोबर असतात.

(दृश्य: वाटाड्याचा डावा हात. बोटांच्या बेचक्यात दोन काडतुसं.)

दुनळीत दोन बार. ते उडाले तर म्हणून आणखी दोन काडतुसं अशी बोटांत धरलेली असतात. पाहुण्याचा पहिला बार जागेवर बसला, तर ती तशीच पुन्हा कमरेच्या पट्ट्यात जातात.