डोळे मिटल्यावर अंगठा कुठे असतो?

डोळे मिटून बसलेल्या रुग्ण स्त्रीचा अंगठा फिजिओथेरपिस्ट दोन्ही कडांना हलकेच धरतात, किंचित वर नेतात आणि विचारतात, "वर की खाली?" उत्तर लवकर येत नाही. पक्षाघातानंतर तिचा हात पुन्हा उचलला जाऊ लागला आहे, मूठही वळते. पण तो हात कोणत्या स्थितीत आहे, हे पाहिल्याशिवाय तिला सांगता येत नाही.

हालचालीचा आदेश मेंदूच्या ज्या भागातून निघतो आणि स्पर्शाची किंवा सांध्याच्या स्थितीची खबर ज्या भागात पोहोचते, ते भाग शेजारी असले तरी वेगळे आहेत. त्यामुळे एकाला इजा होऊन दुसरा बचावू शकतो. पक्षाघातानंतर रुग्ण किती सावरला हे मोजण्यासाठी 1975 साली स्वीडनमध्ये तयार झालेल्या फ्यूगल-मायर मापनात हाताच्या हालचालीला 66, पायाच्या हालचालीला 34 आणि संवेदनेला 24 गुण आहेत. हालचाल डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. संवेदना मात्र मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही.

पक्षाघातानंतर काही महिन्यांनी चालणे, अंघोळ, कपडे घालणे यांसाठी पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक मदत लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. यावरून स्त्रीचा मेंदू कमी सावरतो असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पहिला पक्षाघात होतो तेव्हा स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा काही वर्षांनी मोठ्या असतात. त्या वयात हृदयाची अनियमित धडधड, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, अधिक आढळते आणि हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूची मोठी रक्तवाहिनी अडवते, तेव्हा झटका तीव्र असतो. वय, झटक्याची तीव्रता आणि त्याआधीची कार्यक्षमता विचारात घेतली की हा फरक बराच कमी होतो. उरलेल्या फरकामागे स्नायूंचे मुळातले कमी बळ असू शकते, स्त्रियांमध्ये अधिक आढळणारे नैराश्य असू शकते, किंवा उतारवयातले एकटेपणही असू शकते: व्यायामासाठी हात धरायला घरात कुणीच नसणे.

संप्रेरकांचा प्रश्नही येथे येतो. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या तरुण माद्यांमध्ये इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मेंदूच्या पेशींचे काही प्रमाणात रक्षण करते. परंतु बहुतेक स्त्रियांना पक्षाघात होतो तो रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे हे संप्रेरक ओसरल्यावर. शिवाय अनेक दशके असे प्रयोग मुख्यतः नरांवरच होत राहिले, ही उणीव लहान नाही. माणसांबाबत, अमेरिकेने 1993 च्या कायद्याने सरकारी निधीवरील वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश बंधनकारक केला.

आता त्याच स्त्रीच्या तळहातावर एक किल्ली ठेवली आहे. तिने ती न पाहता बोटांनी चाचपून ओळखायची, चुकल्यास डोळे उघडून पाहायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. संवेदनेचा सराव याच पद्धतीने चालतो. बोटे किल्लीच्या दातांवरून सावकाश फिरत आहेत.