न वापरलेलं टोक बंद करा

मित्रहो, जळगावकरांना पाइप म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. इथल्या कारखान्यांत पाइप बनतात आणि रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत ते पसरलेले असतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेलाही पाइप म्हणतात, आणि ती कल्पनाही पाण्याच्या नळीवरूनच सुचलेली आहे. १९६४ साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात लिहिलं होतं की, बागेतल्या नळीला जसा आपण पुढचा तुकडा जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. प्रत्यक्षात ते यायला १९७३ उजाडलं. केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला.

सी भाषेत त्यासाठी दोन पूर्णांकांचा ॲरे घेऊन पाइप फंक्शनला द्यायचा. शून्य क्रमांकाचं टोक वाचायचं, एक क्रमांकाचं लिहायचं. स्टँडर्ड इनपुट शून्य आणि आउटपुट एक असतं, तोच क्रम इथे आहे. त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. मग फोर्क करायचं, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) दुसरी प्रत सुरू करायची: मूळचा तो पॅरेंट, नवा तो चाइल्ड. फोर्कनंतर दोन्ही प्रोसेसची मेमरी वेगळी होते. चाइल्डने एखाद्या व्हेरिएबलमध्ये बेरीज केली, तरी पॅरेंटच्या व्हेरिएबलमध्ये जुनीच किंमत राहते. म्हणून पाइप लागतो.

आता एक छोटा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. कोणत्या तालुक्यातून किती क्विंटल केळी बाहेर गेली, याची फाइल पॅरेंट वाचतो आणि एकेक ओळ पाइपमध्ये लिहितो. चाइल्ड डेटा संपेपर्यंत वाचतो आणि शेवटी बेरीज छापतो. पॅरेंटचं लिहून झालं, त्याने लिहिण्याचं टोक बंद केलं आणि तो वेट करत, म्हणजे चाइल्ड संपायची वाट पाहत बसला. सगळं बरोबर दिसतं, पण बेरीज काही छापली जात नाही. एरर नाही, सीपीयूवर ताण नाही. विद्यार्थी कंट्रोल-सी दाबतात आणि लूपमध्ये चूक शोधत बसतात. लूप ठीकच असतो.

प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं एसट्रेस हे टूल फोर्कचाही माग काढायला सांगून चालवलं, तर शेवटी चाइल्डची एक ओळ दिसते: रीड, कंस सुरू, तीन, स्वल्पविराम. तो कंस पूर्ण होतच नाही. तीन नंबरच्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे त्या नंबरच्या उघड्या टोकावर, चाइल्ड वाट पाहतोय. कुणाची? लिनक्सवर चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक डिरेक्टरीत त्या चाइल्डच्या नंबराखाली एफडी नावाचं फोल्डर असतं, ते उघडून पाहा. तीन आणि चार, दोन्हींपुढे एकाच पाइपचा क्रमांक दिसेल. चार म्हणजे लिहिण्याचं टोक, आणि ते चाइल्डच्याच हातात उघडं आहे.

फोर्क झाल्यावर डिस्क्रिप्टरची नक्कल होते, पाइपची होत नाही. पाइप एकच, त्याची टोकं मात्र आता दोन घरांत. लिहिणारी किती टोकं उघडी आहेत याचा हिशेब कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठेवतो, आणि तो शून्यावर आला, आतला डेटाही वाचून संपला, तरच रीड शून्य परत करतो, म्हणजे डेटा संपला असं सांगतो. इथे पॅरेंटने आपलं टोक बंद केलं, तरी चाइल्डचं उरलंच. जो डेटा फक्त तो स्वतःच पाठवू शकतो, त्याची तो वाट पाहतोय, आणि पॅरेंट त्याची. उपाय एका ओळीचा आहे: फोर्कनंतर चाइल्डने सगळ्यात आधी लिहिण्याचं टोक बंद करायचं.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हा प्रश्न कधी येतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तिथला प्रोग्राम एकदा ‘हॅलो’ लिहितो, एकदा वाचतो आणि संपतो. टोक बंद करणारं क्लोज लिहिलं काय, न लिहिलं काय, उत्तर तेच. मग क्लोजच्या ओळी मुलं पाठ करून लिहितात, त्या कशासाठी आहेत हे कळत नाही.

दुसऱ्या बाजूलाही हाच नियम आहे. चाइल्ड मध्येच मेला आणि वाचणारं एकही टोक उरलं नाही, तर लिहिणाऱ्या पॅरेंटला सिगपाइप हा सिग्नल येतो. तो हाताळला नसेल तर पॅरेंट तिथेच संपतो. पण पॅरेंटने स्वतःचं वाचण्याचं टोक उघडं ठेवलं असेल, तर सिग्नल येत नाही. पाइप भरत जातो, आणि लिनक्सवर त्यात साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. तो भरला की राइट अडकतो.

हा आकडा लक्षात ठेवा. चाइल्डकडून उत्तर घ्यायचं असताना पॅरेंटने आधी वेट आणि मग रीड केलं, तर लहान फाइलवर प्रोग्राम झकास चालतो. अख्ख्या हंगामाची फाइल दिली की पाइप भरतो, चाइल्ड लिहिताना अडकतो, पॅरेंट वेटमध्ये. म्हणून आधी वाचून घ्या, वेट नंतर. आणि पाइपमधून बाइट वाहतात, निरोप नव्हे; दोनदा लिहिलेलं एकाच रीडमध्ये येऊ शकतं. ओळ कुठे संपते ते नवीन ओळीच्या खुणेवरून तुम्हीच ओळखायचं.

दुहेरी बोलायचं असेल तर दोन पाइप घ्या. फोर्कनंतर दोन्हीकडचे मिळून आठ डिस्क्रिप्टर होतात, त्यांतले चार बंद करायचे असतात. कोड लिहिण्याआधी कागदावर दोन चौकोन काढा, आठही टोकं मांडा, बंद करायच्या चारांवर फुल्या मारा आणि प्रत्येक फुलीसाठी क्लोजची एक ओळ लिहा. चला, आता फळ्यावर कोण काढून दाखवतंय?