लिस्बन : पहिला दिवस पायी
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, लिस्बनला निघालेली मंडळी मला हटकून विचारतात, "पहिल्या दिवशी काय बघायचं?" आणि माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो. मी म्हणतो, वास्को द गामाची कबर राहू द्या, ती फोटोतली पिवळी ट्रामही राहू द्या. चांगले पकड असलेले बूट घाला आणि दिवसभर चाला. का, ते सांगतो. हे शहर 1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंपाने मोडलं आणि मग पुन्हा जोडलं गेलं. तो सांधा ट्रामच्या खिडकीतून दिसत नाही. चढ कुठे सुरू होतो, गल्ली कुठे सरळ होते, हे पोटऱ्यांना कळतं तेव्हा तो सापडतो.

सुरुवात नदीकाठच्या चौकातून करा. नकाशावर त्याचं नाव प्रासा दु कोमेर्सिउ, म्हणजे व्यापाराचा चौक. पण लिस्बनकर आजही त्याला तेरेइरु दु पासु म्हणतात, राजवाड्याचं पटांगण. राजवाडा मात्र कुठेच नाही! तिन्ही बाजूंना कमानींच्या पिवळ्या इमारती, चौथ्या बाजूला तेजू नदी, आणि मधोमध घोड्यावर बसलेला राजा जोझे पहिला. भूकंप झाला तेव्हा हाच राजा होता. तो त्या सकाळी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला, आणि त्यानंतर दगडी छपराखाली राहायची त्याने अशी धास्ती घेतली की दरबार आझुदाच्या टेकडीवर तंबूत आणि लाकडी वाड्यात हलवावा लागला.

त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमाराला चर्चं माणसांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. धरणी हलली, छपरं कोसळली, जी माणसं निसटली ती मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावली. मग नदी मागे हटली आणि समुद्राकडून लाट आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पुढे पाच-सहा दिवस जळत राहिली. तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या राजवाड्याबरोबर राजाचं ग्रंथालय गेलं, आणि आपल्या दृष्टीने त्याहून मोठा घाव म्हणजे 'काझा दा इंडिया'चं दप्तर गेलं. पूर्वेकडच्या सगळ्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी ही कचेरी. गोवा, चौल, वसईचा पोर्तुगीज काळ अभ्यासणाऱ्याला जी भोकं बुजवता येत नाहीत, त्यातली काही इथे पडली.

आता पूर्वेला वळा. चार-पाच मिनिटांवर एक विचित्र घर लागतं, काझा दुश बीकुश. दर्शनी भिंतीवरचा एकेक दगड हिऱ्यासारखा टोकदार तासलेला. हे घर 1523 मध्ये बांधलं ब्राश द आल्बुकेर्क याने. बाप कोण? 1510 मध्ये गोवा घेणारा आफोन्सु द आल्बुकेर्क. भूकंपात वरचे दोन मजले गेले आणि सव्वादोनशे वर्षं ते घर तसंच बुटकं उभं होतं. 1980 च्या दशकात मजले परत चढवले, पण खिडक्या जरा निराळ्या धाटणीच्या ठेवल्या. नीट बघितलंत तर जुनं कुठे संपलं ते कळतं. आज तिथे सारामागु या नोबेलविजेत्या कादंबरीकाराच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा पुरलेली आहे.

इथून आल्फामाचा चढ. उन्हं तापायच्या आत चढा. आल्फामा ही अरबांच्या काळापासूनची वस्ती. गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढावं. पायऱ्या संपल्या असं वाटतं तोच बोळ वळतो आणि आणखी पायऱ्या. वर दोरीवर चादरी वाळत असतात, खाली पाणी ठिबकतं. ही वस्ती भूकंपात बऱ्यापैकी टिकली. खालची दरी गाळाची होती, ती पार बसली. नकाशा खिशात ठेवा, इथे तो कामाचा नाही. चढत राहिलात की सांता लुझियाच्या सज्ज्यावर निघताच.

सज्ज्यावर सगळे नदीकडे तोंड करून सेल्फी काढत असतात. तुम्ही चर्चच्या भिंतीकडे वळा. तिथे निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं एक मोठं चित्र आहे: सकाळी तुम्ही उभे होतात तोच चौक, भूकंपापूर्वीचा. राजवाडा, मनोरा, नदीत गलबतं. मला विचाराल तर लिस्बनमधलं सर्वांत बोलकं दृश्य हेच, आणि तिकीट नाही.

दुपारी उतरून बाय्शात, म्हणजे त्या खालच्या दरीतल्या वस्तीत या. पाय एकदम सैल पडतात, कारण जमीन सपाट आणि रस्ते फूटपट्टीने आखलेले. हे पोंबालने भूकंपानंतर नव्याने उभं केलेलं शहर. राजाचा हा मंत्री पुढे मार्केस, म्हणजे बडा सरदार झाला आणि हुकूमशहासारखा वागला, त्याबद्दल मला प्रेम नाही. पण काम मानावं लागतं. ऐंशीच्या घरातला मुख्य अभियंता मानुएल दा माया याने पर्याय लिहून दिले, एउजेनियु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांनी आराखडे केले. घराच्या भिंतीत आडव्या, उभ्या आणि तिरप्या फुल्यांच्या लाकडाचा सांगाडा, त्यात दगड-चुना भरलेला. हादरा बसला की लाकूड वाकतं, घर उभं राहतं. सांगतात की नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली. शिवाय पोंबालने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली धाडली: हादरा किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला? देवाचा कोप म्हणून हात जोडायच्या काळात हे प्रश्न विचारले गेले.

रस्त्यांची नावं वाचत चला. सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. पुण्यातल्या तांबट आळीसारखंच, आणि इथली वाटणी राजाज्ञेने झालेली.

आता खाली बघा. फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या मुठीएवढ्या दगडांचा. एखादा कारागीर चौरंगाएवढ्या स्टुलावर बसलेला दिसेल: दगड डाव्या तळहातावर, उजव्या हातात छोटा हातोडा, दोन टोले, दगड फिरवायचा, तिसरा टोला, आणि तो खाचेत बसतो. मोजमाप काही नाही. रोसियु चौकात याच दगडांच्या लाटा केल्यात, 1848 पासूनच्या. पाऊस पडला की हाच फुटपाथ घसरगुंडी, म्हणून बुटांचं म्हणालो. जेवायला बसलात तर न मागता पाव आणि ऑलिव्ह येतील. ते फुकट नसतात. नको असतील तर परत पाठवा, कोणी रागावत नाही.

रोसियुच्या वर कार्मोचा मठ. तिथे जायला 1902 ची लोखंडी लिफ्ट आहे आणि तिच्यापुढे रांग. मागून चढणारी गल्ली आहे, रांग नाही. मठाच्या कमानी उभ्या, छप्पर नाही, आत गवत. भूकंपात पडलेलं ते छप्पर पुन्हा घातलंच नाही. आणि शेजारच्या बराकीकडे पाहायला विसरू नका. 25 एप्रिल 1974 ला लष्कराने पोर्तुगालची हुकूमशाही उलथवली, तेव्हा पंतप्रधान कायतानु तिथे लपला होता आणि तिथेच शरण आला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तरी त्या राजवटीने ते शेवटपर्यंत मान्य केलं नव्हतं. राजवट पडल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालने करार करून ते मान्य केलं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग वास्को द गामा?)

दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा ट्रामने जा. त्याची कबर बेलेंला आहे, सहा-सात किलोमीटरवर. तो मेला कोचीनला, 1524 मध्ये. अस्थी पोर्तुगालला नेल्या, आणि बेलेंच्या जेरोनिमुश मठात तर 1880 मध्ये आणल्या. तो एवढा थांबलाय, तुमच्यासाठी एक दिवस आणखी थांबेल.