मांजराला उत्तरेत काय म्हणतात?

मंडळी, विषय उत्तर युरोपातल्या भाषांमधल्या मांजराचा असला तरी सुरुवात कुत्र्यापासून करतो.

संस्कृतात श्वन्, लॅटिनमध्ये कानिस, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये हुंड. ऐकायला तिन्ही निराळे, पण घराणं एकच. आपलं शत, लॅटिनचं केंतुम आणि स्वीडिश हुंड्रा यांचंही तसंच. लॅटिनमध्ये जिथे 'क' दिसतो तिथे उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांत, म्हणजे स्वीडिश, डॅनिश, जर्मन यांच्या कुळात, 'ह' येतो. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये हा नियम नीट मांडला, आणि शब्दांची कुळं शोधणारा माणूस आजही पहिल्यांदा तोच लावून बघतो.

आता मांजर घ्या. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये काट्ट. डॅनिशमध्येही तोच शब्द, पण उच्चार जवळजवळ कॅट. आइसलँडिकमध्ये कोह्तुर, त्यातला तो मधला 'ह' म्हणजे नुसता एक सुस्कारा. फेरो बेटांवर केट्टा. आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये काट्टुस. इथे 'क' चा 'ह' झालेलाच नाही. हा शब्द कुत्र्यासारखा घरचा, पिढीजात असता तर सुरुवातीला 'ह' हवा होता. शेवटच्या जोड-ट चं बाजूला ठेवू, पण स्वीडिश लोक आज मांजराला हाट्ट म्हणत असते. हाट्ट म्हणजे टोपी. तेव्हा झालं ते बरंच झालं.

म्हणजे 'क' चा 'ह' होण्याची लाट ओसरल्यावर हा शब्द उत्तरेत आला. कुठून आला? सरधोपट उत्तर असं की रोमन लोकांकडून. मांजर रोमनांबरोबर वर सरकलं आणि शब्दही त्याच्या पाठोपाठ गेला. या उत्तरातली अडचण अशी की खुद्द रोमनांकडेच तो उशिरा आला. अभिजात लॅटिनमध्ये मांजराला फेलेस म्हणत. काट्टुस ठळकपणे दिसतो तो पल्लादियुस या शेतीवर लिहिणाऱ्या गृहस्थाकडे, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराला. आर्टिचोकच्या वाफ्यात चिचुंद्रीसारखे जमीन उकरणारे प्राणी येऊ नयेत म्हणून मांजरं बाळगावीत, असा त्याचा सल्ला आहे. अरबीत कित्त आहे, सिरियाकमध्ये कत्ता आहे, इजिप्तच्या दक्षिणेला नूबियाकडे कदीस आहे. त्यामुळे बरेच जण बोट दाखवतात उत्तर आफ्रिकेकडे. मांजर तिथलं, तेव्हा शब्दही तिथला.

पटण्यासारखं आहे. पण खुस क्रोनेन या डच भाषाशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये आदिजर्मानिकचा, म्हणजे जर्मानिक भाषांच्या मूळ पूर्वजाचा, व्युत्पत्तिकोश काढला आणि त्यात उलट दिशेची शक्यता मांडली. जर्मनमध्ये मांजराला काट्झं म्हणतात आणि बोक्याला काटर. एकात जोडाक्षरातून आलेला ध्वनी, दुसऱ्यात साधा ट. अशी अदलाबदल उसन्या, ताज्या शब्दात सहसा सापडत नाही, ती जुन्या मुरलेल्या शब्दांत असते. म्हणून क्रोनेन उत्तरेकडे बघतात, स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाची सामी आणि हंगेरियन ज्या कुळातल्या त्या उराली भाषांकडे. उत्तर सामीत गाद्फी म्हणजे अर्मिन या मुंगसासारख्या लांबट, केसाळ प्राण्याची मादी. हंगेरियनमध्ये त्याच मुळाचा ह्योल्ज, पूर्वी अर्मिन, आता चक्क 'बाईसाहेब'. हे खरं असेल तर शब्द आधी रानातल्या कातडीवाल्या प्राण्याचा होता आणि पाळीव मांजर आल्यावर त्याला चिकटला.

कौल कुठे द्यायचा हे विचाराल तर मी अजून कुंपणावर आहे, पण उराली बाजूला थोडा झुकलेला. कारण आइसलँडिकमध्ये अर्मिनला आजही ह्रेसिकोह्तुर म्हणतात, म्हणजे दगडांच्या ढिगातलं मांजर. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या लेखी 'मांजर' ही कल्पना आपल्यापेक्षा बरीच सैल होती. फ्रेया देवीचा रथ दोन मांजरं ओढतात असं स्नोरी या आइसलँडच्या लेखकाने तेराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. ती मांजरं म्हणजे लिंक्स, मोठी रानमांजरं, असावीत असं काहींना वाटतं. रथ ओढायचा म्हटल्यावर वाटणारच.

कातडीचा मुद्दा हवेतला नाही. एरिक द रेडच्या सागात, म्हणजे जुन्या आइसलँडिक गद्यकथेत, ग्रीनलँडमधली एक भविष्य सांगणारी बाई येते. तिच्या हातमोज्यांचं वर्णन आहे: मांजराच्या कातड्याचे, आतून पांढरे आणि केसाळ. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात एक जुनी विहीर उकरली, साधारण १०७० सालची. तिच्यात किमान ६८ मांजरांची हाडं निघाली, कातडी सोलल्याच्या खुणांसकट. उंदीर मारणारं मांजर आणि हातमोजे पुरवणारं मांजर, दोन्ही एकाच अंगणात.

आता कोह्तुर या रूपाकडे जरा जवळून बघू, कारण तिथे एक गंमत आहे. मूळ रूप काट्टुझ असं धरतात. शेवटचा 'उ' तोंडात येणार म्हणून ओठ आधीच गोल व्हायला लागले आणि आधीचा 'आ' रंग बदलून ओ-कडे झुकला. पुढे तो 'उ' गळून गेला, रंग मात्र राहिला. आज आइसलँडिकमध्ये कर्त्याच्या जागी कोह्तुर, षष्ठीत काह्तार, चतुर्थीत केह्ती. एकाच प्राण्याच्या पोटात तीन स्वर. शेवटच्या तुर मधला 'उ' नंतर घुसलेला आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. तक्रार करण्याआधी आपण 'पाऊस' चं 'पावसाला' करतो हे आठवा, आपलं सामान्यरूपही परक्याला असंच छळतं. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन लोकांनी हा ताप काढूनच टाकला. 'आ' असलेलं रूप ठेवलं, बाकीची मोडीत काढली.

नर-मादीच्या बाबतीत आइसलँडिक आणि मराठीचं चांगलं जमेल. आपल्याकडे मांजर, पण नर बोका आणि जुन्या बोलीत मादी भाटी. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आइसलँडिकमध्ये बोका म्हणजे फ्रेस किंवा होग्नी आणि मादी लायदा, म्हणजे हळूच सरपटत जाणारी. हे नाव ज्याने ठेवलं त्याने मांजर नीट पाहिलं होतं.

शेजारी भाषांची खरी फजिती पिल्लापाशी होते. डॅनिशमध्ये किलिंग म्हणजे मांजराचं पिल्लू, स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये किलिंग म्हणजे करडू. फसवून माल गळ्यात मारला तर डॅनिश माणूस म्हणतो, पोत्यात मांजर विकत घेतलं. स्वीडिश माणूस म्हणतो, पोत्यात डुक्कर.

आता शिव्या. स्वीडनमध्ये सैतानाचं नाव तोंडातून काढायचं नसेल तर मांजर पुढे करतात. 'डेट वेते काट्टेन', म्हणजे 'मांजरालाच ठाऊक', आपल्या 'देव जाणे' च्या अगदी उलट बाजूने आलेलं. 'फी काट्टेन' म्हणजे 'शी!'. डॅनिश लोकही 'फॉर काट्टेन' म्हणून हळहळतात. मांजराला चारचौघांत सैतानाच्या जागी उभं करायचं आणि घरी मांडीवर घ्यायचं, हा सगळीकडचाच रिवाज दिसतो.

समुद्रावर मात्र मांजराचंच नाव घेता येत नसे. शेटलंड बेटांवर नॉर्न नावाची नॉर्स बोली होती, ती मेली. फेरोचे भाषापंडित याकोब याकोबसेन यांनी १८९० च्या दशकात तिचे उरलेसुरले शब्द गोळा केले. त्यांतले बरेच कोळ्यांचे. होडीत बसल्यावर मांजर म्हणायचं नाही, पाद्री म्हणायचं नाही. पाद्र्याला 'प्रार्थनावाला' आणि मांजराला विव्हळणारी अशा अर्थाचं काहीतरी. रात्री सापाला 'लांबडं' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. वर सांगितलेले सगळे शब्द कोशातले, सातबाऱ्यावरचे. दूध ठेवून हाक मारायची तर काट्ट कुणी म्हणत नाही. स्वीडनमध्ये किस्से, आइसलँडमध्ये कीसा, डेन्मार्कमध्ये मिस, नॉर्वेत पूस. हे मुळात हाका मारायचे आवाज आहेत, यांची व्युत्पत्ती शोधणं म्हणजे 'शुक शुक' ची व्युत्पत्ती शोधणं. विद्वान यांच्याकडे फारसं बघत नाहीत, आणि मला ते पटत नाही, कारण हेच शब्द सीमा ओलांडून गेले. नॉर्वेतल्या शेजाऱ्यांची पूस ही हाक सामी लोकांनी ऐकली आणि उत्तर सामीत मांजराचं नावच बुस्सा झालं. कोशातल्या शब्दापेक्षा अंगणातला आवाज आधी कानावर पडतो, एवढं साधं आहे हे.

फिनलंडमध्ये तर पारडंच उलटलं. फिनिशमध्ये स्वीडिश किस्सेच्या नात्यातला किस्सा हा मांजराचा शिष्ट, शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे. आपल्या 'किस्सा' शी त्याचं काही नातं नाही, उगाच कुणी जोडू नका. आणि स्वीडिश काट्टपासून आलेला काट्टी तिथे घरगुती, लाडाचा होऊन बसला आहे. शिवाय तो एका जोडशब्दात टिकून राहिला: काटिनकुल्ता, 'मांजराचं सोनं'. खडकातलं चकाकणारं अभ्रक, जे नवखा माणूस सोनं समजून खिशात घालतो.