बाप्तिस्मा एक, वेदी वेगळी

श्रोतेहो, नमस्कार.

मी कॅथलिक आहे. लूथरन आणि इतर प्रॉटेस्टंट बंधुभगिनींचा विषय निघाला की आमच्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ''त्यांना नुसता विश्वास पुरतो, सत्कर्मांची गरज वाटत नाही.'' मला हे फार खटकतं, कारण ते खरं नाही. माणूस देवापुढे केवळ विश्वासानं नीतिमान ठरतो, असं सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, ज्याच्या नावानं लूथरन ओळखले जातात, तो सांगत होता. पण झाड जिवंत असलं की फळ येतंच, तशी खऱ्या विश्वासातून सत्कर्मं येतात, हेही त्यानं सांगितलं. आणि आम्ही तरी स्वर्ग पुण्यानं विकत मिळतो असं कुठे मानतो? १५४७ साली आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं लूथरच्या मतांना कडाडून विरोध केला, पण तिनंही विश्वासाला तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ म्हटलं. विश्वास प्रीतीतून जिवंत राहतो आणि माणूस कृपेला होकार देतो, यावर आमचा भर. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन, दोन्ही बाजूंनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: तारण कृपेनंच होतं, आपल्या कर्तबगारीनं नाही. काही फरक उरले, पण त्यांवरून एकमेकांना धर्मबाह्य ठरवण्याचं कारण उरलं नाही.

खरा दुरावा आता उपासनेत आहे, वेदीपाशी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या प्रभुभोजनात.

इथेही 'प्रॉटेस्टंट' म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि स्विस प्रॉटेस्टंट सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले होते. प्रभुभोजनातली भाकर हे ख्रिस्ताच्या देहाचं केवळ चिन्ह आहे, असं झ्विंग्लीचं म्हणणं. लूथरनं खडू घेऊन टेबलावरच येशूचे शब्द लॅटिनमध्ये लिहिले, 'हे माझे शरीर आहे', आणि त्या शब्दांवरून तो हलला नाही. एका कॅथलिकाला ही गोष्ट ऐकताना लूथर किती जवळचा वाटतो!

मग अडतं कुठे? मिस्सा, म्हणजे आमची प्रभुभोजनाची उपासना, संपल्यावर काय होतं ते पाहा. उरलेलं ख्रिस्तशरीर धर्मगुरू पवित्र मंजूषेत ठेवतात, जवळ दिवा तेवत राहतो, आणि येणारा-जाणारा गुडघा टेकतो. भाकरीचं रूप तेच, पण आता ती भाकर नाही, असं आम्ही मानतो. लूथरन मंडळी ख्रिस्त भाकरीत, भाकरीसह उपस्थित आहे असं मानतात, मात्र भाकर भाकरच राहते. शिवाय आमच्या मते हा संस्कार प्रेषितांच्या परंपरेतून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूच्याच हातून होतो. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, आम्ही खरा मानतो, पुन्हा देत नाही. पण प्रभुभोजन एकत्र घेत नाही.

याची झळ मिश्र विवाहातल्या जोडप्यांना सर्वांत जास्त बसते. एक जण उठून रांगेत जातो, दुसरा बाकावर बसून राहतो. नियमामागचं कारण मला पटतं, तरी तो रिकामा अर्धा बाक पाहवत नाही. १५ नोव्हेंबर २०१५ ला पोप फ्रान्सिस रोममधल्या लूथरन चर्चमध्ये गेले, तेव्हा कॅथलिक नवरा असलेल्या एका लूथरन बाईनं त्यांना हेच विचारलं. त्यांनी परवानगी दिली नाही आणि नकारही दिला नाही. प्रभूशी बोला आणि पुढे चला, याहून अधिक बोलायला मी धजत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. आणि त्या लूथरन मंडळीला त्यांनी भेट दिली ती वेदीवरच्या द्राक्षारसाच्या प्याल्याची.