माथ्यावरचं रान

नमस्कार मंडळी! माथेरानला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा की काय बघितलंस, तर लगेच पॉइंट मोजायला लागतो, पॅनोरमा, लुइझा, इको, शार्लोट, मग चिक्की आणली, चपला घेतल्या, घोड्यावर बसलो. छानच आहे ते, मीही करतो. पण या एवढ्याशा गावाला मोठा इतिहास आहे आणि आपण त्याच्या बाजूने नुसते चालत जातो, म्हणून आज थोडं त्याबद्दल बोलतो.

१८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, तेव्हापासून त्याने माथेरान शोधलं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. ठाकर, कातकरी, धनगर या रानात आधीपासून होतेच की! नावच बघा ना, माथ्यावरचं रान. शार्लोट तलावाजवळ गेलात तर पिसरनाथाच्या देवळात नक्की जा, गावाचं ग्रामदैवत आहे ते, झाडांच्या गर्द सावलीत, आणि तिथे दोन मिनिटं शांत बसलं ना की बाजारातली सगळी गडबड विसरायला होते.

आता आपली झुकझुक गाडी. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतलं, आणि १९०४ ते १९०७ अशा तीन वर्षांत सोळा लाख रुपये खर्चून नेरळपासून वर माथेरानपर्यंत रूळ आले. सुमारे २१ किलोमीटर, रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, आणि चढ कुठेकुठे एकास वीस, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर! वळणं इतकी तीव्र की साधं इंजिन तिथे वळूच शकत नव्हतं, म्हणून जर्मनीतून ऑरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची खास इंजिनं आणली, ज्यांच्या चाकांचे आस वळणावर जरासे सरकायचे. खिडकीत बसून मागे बघा, वळणावर आपल्याच गाडीचा शेवटचा डबा समोर दिसतो, लहान मुलं तर हात करतात त्या डब्यातल्या लोकांना. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग जागोजागी वाहून गेला, आता गाडी संपली असंच वाटलं होतं, पण २००७ मध्ये ती परत सुरू झाली.

आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या नाहीत, हा मला तर गावाचा सगळ्यात मोठा ठेवा वाटतो. लोक कुरकुर करतात की सामान घेऊन चालावं लागतं, पण त्यामुळेच तर लाल मातीचे रस्ते आणि दोन्ही बाजूंची झाडं टिकून आहेत. घरी आल्यावर चार दिवस बुटांवरचा तो लाल रंग जात नाही.

पण ज्यांच्यासाठी मी हे बोलायला बसलो ते म्हणजे भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्याच एका गरीब नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले, गावच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, पायथ्याच्या शेतकऱ्यांना सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्यकोठी काढली, आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. बेचाळीसचं आंदोलन पेटलं तेव्हा भूमिगत होऊन आझाद दस्ता नावाची क्रांतिकारकांची तुकडी उभी केली आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. ते आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. भाईंचं वय तेव्हा फक्त तीस!

दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात, भल्या पहाटे, थंडीत, कितीतरी जण चालत येतात. तुम्ही जानेवारीत माथेरानला जाणार असाल तर एक दिवस तिकडे काढा, मुरबाडकडून वाट आहे.